रेकॉर्डींना ऊन दाखवलं

कूलरच्या एका जाळीत नवा वाळा भरून झाला होता. दुसरी जाळी धम्मरत्न यांच्या मांडीवर आडवी होती. तिच्यातलं मागच्या सालचं काळं पडलेलं गवत अर्धं निघालं होतं, अर्धं तारेला चिकटून बसलं होतं. तिसरी सीताफळाच्या बुंध्याला टेकून उभी होती, तिला अजून हातही लागला नव्हता. अक्षय्य तृतीया उलटली, पुसदच्या रस्त्यावर दुपारी कुत्रं दिसेना, तरी या घरी कूलर लागला नव्हता. होळीच्या सुमारास त्यांचे जुने दोस्त अवधूत वकील वारले आणि तेव्हापासून धम्मरत्न यांनी हाती घेतलेलं कोणतंही काम असंच अर्ध्यावर येऊन बसत होतं.

आतून त्यांच्या पत्नी कौसल्याबाई फोन घेऊन आल्या. उद्या वैशाख पौर्णिमा, विहारातल्या खिरीची पाळी त्यांची, म्हणून तांदूळ निवडता निवडता उठल्या होत्या.

"घ्या. वकिलीणबाई हायेत."

फोनवर अवधूतरावांच्या पत्नी रत्नप्रभाबाई होत्या. "धम्मरत्नभाऊ, तुमच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढून ठेवल्यात हो मी. आजच घेऊन जा. आमचा चारुदत्त येतोय पुण्याहून, घर आवरायचं म्हणतो."

"येतो वहिनी."

जाळी मांडीवरून खाली गेली. त्यांनी हात धुतले, नखांत माती दिसली म्हणून पुन्हा धुतले.

"अन् हे काम?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"आल्यावर."

"आल्यावर तुमी कायचे करता. त्याईच्यासंगच बसान."

"चाळीस वर्सानं लेक घरी येऊन राह्यली, कौसल्या. बसू दे."

"लोक लेक सासरी देतेत. तुमी त दोस्ताच्या घरी ठेवली."

बोलणं थट्टेचं होतं. पण थट्टेच्या आत जे होतं ते दोघांनाही टोचलं.

धम्मरत्न यांच्या वडिलांचं नाव उकंडा. थोरल्या मुलानंतरची पोरं जगत नव्हती म्हणून आजीनं त्यांना उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणलं आणि नावही तेच ठेवलं. त्या उकंडानं आपल्या पहिल्या मुलाचं नाव धम्मरत्न ठेवलं. बापलेकांच्या नावांत एवढं अंतर पडलं ते मधल्या एका ऑक्टोबरमुळे, बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या. उकंडाचे थोरले भाऊ बळीराम हे सनईवाले. लग्नसराईत गावोगाव वाजवायचे, वरातीपुढे चालायचे आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, मांडवाबाहेर बसायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी सनई खुंटीला अडकवली. 'दुसऱ्याच्या दारात वाजवाचं नाई,' एवढंच म्हणाले. मग स्वतःच्या दारातही कधी वाजवली नाही. धम्मरत्न यांना काकांची सनई खुंटीवरचीच आठवते, ऐकलेली नाही.

टेलिफोन खात्यात नवे नवे लागले होते तेव्हाची गोष्ट. उमरखेड रोडवर दवाखाना चालवणारं एक परदेशी डॉक्टर जोडपं कायमचं मायदेशी निघालं होतं. धम्मरत्न त्यांचा फोन काढायला गेले. व्हरांड्यात टाकाऊ सामानाचा ढीग होता आणि त्यात एक लाकडी खोकं, रेकॉर्डींनी भरलेलं. वरच्या कव्हरवर एक काळासावळा माणूस डोळे मिटून पितळी सॅक्सोफोन फुंकत होता. गाल फुगलेले, कपाळावर घाम. चेहरा थेट बळीराम काकांचा. बाई म्हणाली, हवं असेल तर घेऊन जा. सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधून त्यांनी ते घरी आणलं. वाजवायला घरात काही नव्हतं. आणि घर टिनाचं. मे महिन्यात त्या टिनाखाली मेणबत्ती कुणी न पेटवता वाकायची.

अवधूतरावांकडे प्लेअर होता. ते नागपूरहून वकिली शिकून आलेले, तिथल्या होस्टेलवर रॉकचा नाद लागलेला. त्यांचा बिघडलेला फोन दुरुस्त करता करता कपाटातल्या रेकॉर्डी धम्मरत्न यांना दिसल्या, आणि ते न राहवून म्हणाले, "साहेब, माझ्याकडे पण खोकंभर आहेत." पुढच्या रविवारी ते खोकं सायकलवरून वकिलांच्या घरी गेलं. तिथं दोन हात जाड भिंती होत्या, उन्हाळ्यातही फरशी गार. "राहू दे इथंच, धम्मा," अवधूतराव म्हणाले. "तुझ्या टिनाखाली यांची भाकर होईल." म्हणणं खरं होतं. म्हणून राहिल्या.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, वकिलांची पूजा आटोपली की, बाहेरच्या खोलीत दोघं बसायचे. आधी अवधूतरावांचं रॉक, मग धम्मरत्न यांचं जॅझ. क्रम कुणी ठरवला नव्हता, पण बदलला कधीच नाही. रॉक चांगलं अर्धा दिवस चालायचं. जॅझची एक बाजू संपेस्तोवर आतून ताटं मांडल्याचा आवाज यायचा आणि धम्मरत्न चपला शोधायला लागायचे.

रॉक त्यांना आवडायचं नाही असं नव्हतं. मैदानात उभ्या चार झिपऱ्या पोरांचं कव्हर असलेली एक रेकॉर्ड होती. तिच्यातली गिटार ऐकताना त्यांना घाट चढणारी भरलेली जीप दिसायची. आता थांबते, आता थांबते असं वाटता वाटता वर पोचणारी. दुसरी एक होती, तिच्यात ऑर्गन असा वाजायचा की खोलीतल्या वस्तू जरा दूर सरकल्यासारख्या वाटायच्या. पण रॉकमधला माणूस मागायला आलेला असतो, असं त्यांचं मत होतं. मागतो, मिळत नाही, मग दार आपटतो. आपटायला त्याच्यापाशी दार असतं. त्यांनी हे एकदा कौसल्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या पोळी लाटत म्हणाल्या, "इतलं ओरडाले पोट भरेल पाह्यजे."

जॅझमधल्या माणसाला 'नाही' आधीच सांगून झालेलं असतं. तो ते 'नाही' घेऊन बसतो आणि उलटंपालटं करून पाहतो. खोक्यातल्या वरच्या त्या रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूला, सूर लागायच्या आधी, सॅक्सोफोनवाल्यानं घेतलेला श्वास ऐकू यायचा. त्या श्वासासाठी धम्मरत्न आठवडाभर थांबायचे. मग सूर यायचा, तो सरळ येत नसे. गल्ली चुकलेल्या माणसासारखा वळसे घेत यायचा, आणि शेवटी असं वाटायचं की त्याला यायचं होतं ते याच दारात. आणखी एक पियानोची होती, हॉटेलात वाजवलेली. मागे कपबशा वाजतात, कुणी हसतं, कुणी खोकतं. वाजवणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही आणि तो वाजवतोय. अवधूतराव कव्हरच्या पाठीमागचं इंग्रजी वाचून सांगायचे की या लोकांचे आजे-पणजे विकले गेलेले, यांना पुढच्या दारानं आत सोडत नसत, मागच्या दारानं येऊन वाजवायचे. सांगताना अवधूतरावांचा गळा भरून यायचा. धम्मरत्न ऐकायचे. काकांची खुंटीवरची सनई त्यांनी अवधूतरावांना कधी सांगितली नाही. का सांगितली नाही, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

पुढे नोकरीतच त्यांनी स्लॅबचं घर बांधलं. उत्तरेकडे एक खोली खास काढली, तिला पश्चिमेचं ऊन लागू नये म्हणून भिंत दुहेरी घेतली. प्लेअरही आणला. मुलगी प्रियंका तेव्हा लग्नाची होती. खोली तिच्यासाठी असेल असं शेजाऱ्यांना वाटलं. मग एका रविवारी धम्मरत्न म्हणाले, "साहेब, आता नेतो म्हणतो माझ्या."

"अरे, नवी भिंत ओलसर असते. वर्षभर सुकू दे."

पुढच्या वर्षी अवधूतराव म्हणाले, "नेशील रे. मग माझ्या रविवारचं काय?" त्याच्या पुढच्या वर्षी धम्मरत्न यांनी विचारलं नाही.

एकदा नागपूरहून वकिलांचे काही मित्र आले होते. अवधूतरावांनी दोन्ही कपाटं उघडून दाखवली. "हा माझा सगळा संग्रह. इकडे रॉक, इकडे जॅझ." आणि दारात उभ्या धम्मरत्न यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि हा आमचा धम्मा. या सगळ्याची देखभाल याच्याकडे." हात प्रेमाचाच होता. पाहुण्यांनी माना हलवल्या. धम्मरत्न यांनीही हलवली. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत आणि कौसल्याबाईंनी कारण काढून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अन् तुमी काय म्हनले?"



आज वकिलांच्या घरी ते ऑटोनं पोचले तेव्हा रत्नप्रभाबाई गच्चीवरून खाली येत होत्या. पदर डोक्यावर, हातात पापडांचं सूप. बाहेरच्या खोलीत एक कपाट रिकामं होतं, जॅझचं. शेजारचं रॉकचं जिथल्या तिथं, सावलीत, रेकॉर्डी पुस्तकांसारख्या ताठ उभ्या. रिकाम्या कपाटापुढे जुन्या लुगड्यात बांधलेली तीन गाठोडी होती.

"बसा हो भाऊ. पाणी घ्या आधी." त्यांनी तांब्या-पेला ठेवला. "अहो, काय त्या रेकॉर्डींची दशा होती. ह्यांच्या आजारपणात दोन पावसाळे कपाट उघडलंच नाही कुणी. पांढरी बुरशी, बोट लावलं की बोटाला. म्हटलं, माणसाची वस्तू परत द्यायची तर अशी द्यायची का? देवाघरी जाब विचारतील मला. एक एक कव्हरातून काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि चांगलं चार दिवस ऊन दाखवलं. पापडाच्या बाजूलाच, गच्चीवर."

धम्मरत्न यांच्या हातातला पेला तोंडापर्यंत गेला नाही.

"गच्चीवर?"

"हो. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला एक एक खडा ठेवला. डाळीला दाखवतो, गाद्यांना दाखवतो, पोथ्यांनासुद्धा दाखवतो; ऊन दाखवल्याशिवाय वस्तू टिकते का आपल्याकडे? बघा, एक डाग राहिला असेल तर."

पुसदचं मे महिन्यातलं ऊन आणि गच्चीचा स्लॅब. धम्मरत्न यांनी शेजारच्या कपाटाकडे पाहिलं. "साहेबांच्याही काढल्या?"

"नाही हो, ह्यांच्यांना हात लावू दिला नाही चारुदत्तनं. म्हणाला, आई, त्या तशाच राहू दे, पुण्याचा कुणी जाणकार येणार आहे बघायला. मग मी म्हटलं, तुमच्या तरी स्वच्छ करून देऊ."

धम्मरत्न यांनी एका गाठोड्यावर तळहात ठेवला. लुगड्याच्या घडीतूनही हाताला चढउतार लागला. गाठ सोडली नाही. सोडली असती तर चेहऱ्याचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. समोर एक बाई उभी होती, नवरा जाऊन दोन महिने झालेली, जिनं गुडघेदुखी सांभाळत चार दिवस जिने चढउतार करून त्यांची वस्तू जपली होती. रागवायला एक जागा लागते. ती जागाच या बाईनं ठेवली नव्हती.

निघताना रत्नप्रभाबाईंनी स्टीलचा डबा पुढे केला. "रिकाम्या हातानं जाऊ नका. मुगाचे पापड आहेत, याच खेपेचे. कौसल्याला आवडतात."

ऑटोत धम्मरत्न यांनी गाठोडी पायाशी ठेवली आणि डबा मांडीवर. ऑटोवाला विचारत होता, काय आहे एवढं? ते म्हणाले, "भांडे."

उत्तरेच्या खोलीत, दुहेरी भिंतीच्या आडोशाला, त्यांनी गाठी सोडल्या. कव्हरं स्वच्छ होती, अगदी लखलखीत. बळीराम काकांचा चेहरा असलेलं कव्हर पुसून पुसून थोडं फिकट झालं होतं. आतली रेकॉर्ड बाहेर काढली तर तिला पापडासारखी झालर पडलेली. एका जागी खड्याचा खळगा. त्यांनी ती प्लेअरवर ठेवली. ठेवायला नको होती, पण ठेवली. दुसरी बाजू. सुई चढली, उतरली, पुन्हा चढली. श्वास आला की नाही ते कळलंच नाही. सूर आला तो प्यालेल्या माणसासारखा भेलकांडत, वर जाताना चिरका, खाली येताना जाड. मग सुई उडाली आणि मधल्या कागदावर जाऊन खरखरत राहिली.

कौसल्याबाई दारात उभ्या होत्या. चाळीस वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं ते आज पहिल्यांदा ऐकत होत्या.

"हे असंच रायते का?"

"नाई."

"मंग?"

"उन्हात वाळू घातल्या वहिनीनं. चांगलं व्हाव म्हनून."

त्या जवळ आल्या. एक रेकॉर्ड दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, डोळ्यांच्या रेषेत आणली, जशी भाकरीची कड पाहावी तशी. मग दुसरी. तिसरी पाहिली नाही. "अन् वकिलाच्या?"

"त्या कपाटात हायेत. सावलीत."

प्लेअर खरखरतच होता. कौसल्याबाईंनीच पुढे होऊन तो बंद केला. त्यांना कळ सापडेना म्हणून भिंतीचं बटनच दाबलं.

"टिनाच्या घरातून वाचवल्या," त्या म्हणाल्या, "अन् स्लॅबवर मेल्या. येतानाच घेऊन याच्या होत्या. घर झालं त्याच साली."

"साहेब म्हनत—"

"साहेब आता नाई. तुमी कोनाले साहेब म्हनून राह्यले?"

चाळीस वर्षांत अवधूतरावांनी धम्मरत्न यांना धम्मा म्हटलं आणि त्यांनी अवधूतरावांना साहेब, आणि या दोन हाकांच्या मधे जेवढी जागा होती तेवढ्यात त्यांची मैत्री राहिली. मैत्री खोटी नव्हती. तीच तर अडचण होती. खोटी असती तर कधीच खोकं सायकलला बांधून ते निघाले असते. बळीराम काकांनी दुसऱ्याच्या दारात वाजवायचं सोडलं. पुतण्यानं दुसऱ्याच्या दारात जाऊन ऐकलं, तेही स्वतःचंच, तेही उरलेल्या वेळात.

दिवस कलला तेव्हा फोन आला. रत्नप्रभाबाईंचाच.

"पोचल्या ना नीट? लावून बघितल्या का भाऊ? जरा ऐकवा ना फोनवरून. मी मेली कायम आत चहा करत बसलेली, धड कधी ऐकलंच नाही तुम्ही लोक काय ऐकता ते. आता घर कसं खायला उठतं."

धम्मरत्न यांनी फोन हातानं झाकला. जिभेवर 'छान वाजल्या' तयार होतं. इतकी वर्षं त्या घराशी बोलताना असंच काहीतरी तयार असायचं. समोर कौसल्याबाई खिरीच्या तांदळाला पाणी लावत होत्या, फोनमधलं सगळं त्यांनाही ऐकू येत होतं. रोज पहाटे पंचशील म्हणणारी बाई, पण आज त्यांनी चौथं शील काढलं नाही, खोटं बोलू नका असंही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तिचं घर खाते म्हनते. आपलं कोनाले सांगाव?"

त्यांनी हात काढला.

"वहिनी, त्या वाजत नाहीत. उन्हानं वाकल्या. सगळ्याच."

"वाकल्या म्हणजे?"

"प्लास्टिकसारखी वस्तू असते ती. उन्हात नरम होते. मग सरळ होत नाही."

"अगं बाई. पण बुरशी तर गेली ना?"

"गेली."

"मी तर चांगल्यासाठीच हो..."

"माहीत आहे वहिनी. तुमची चूक नाही म्हणत मी. माझी चूक आहे, मी न्यायला पाहिजे होत्या. त्या माझ्या होत्या." शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या घराला सांगितलं, आणि ते फोनच्या पलीकडे पोचलं की नाही ते कळायच्या आत रत्नप्रभाबाई बोलल्या. त्यांचा आवाज एकदम सैल झाला होता.

"बरं झालं बाई, ह्यांच्यांना नाही दाखवलं. चारुदत्तनं मला खाऊन टाकलं असतं."

"हो," धम्मरत्न म्हणाले. "बरं झालं."

फोन ठेवून ते अंगणात आले. कूलरच्या जाळ्या जिथं होत्या तिथंच होत्या. सीताफळाच्या बुडाशी बसून त्यांनी दुसऱ्या जाळीतलं चिकटलेलं गवत ओढायला सुरुवात केली. ते सुकून कडक झालं होतं, ओढलं की भुसा होऊन हातात येत होतं. आतून पापड भाजल्याचा वास आला. कौसल्याबाईंनी ताटलीत दोन पापड आणून शेजारी ठेवले. त्यांनी खाल्ले. पापड चांगले होते.

"डबा परत कराचा हाये तिचा," कौसल्याबाई म्हणाल्या. "साखर भरून देऊ? का शेंगा?"

रिकामा डबा परत करायचा नाही, हे दोन्ही घरी सारखंच. पण या घरून त्या घरी डबा जायचा तो नेहमी साखरेचा, शेंगांचा, नाहीतर अख्ख्या मुगाचा. शिजवलेलं कधी गेलं नव्हतं. कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. प्रियंकाच्या लग्नातसुद्धा वकिलांकडे लाडू गेले ते मिठाईच्या दुकानातून, बांधलेल्या डब्यात.

"खीर दे," धम्मरत्न म्हणाले.

कौसल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "उद्याची?"

"उद्याची. विहारातून आल्यावर मी नेऊन देतो."

"अन् तिनं ओतून देली त?"

"ओतू दे. डबा तिचा, खीर आपली."

त्या तोंडातल्या तोंडात हिशेब करून म्हणाल्या की विहाराच्या खिरीला दूध मोजकं सांगितलं आहे, एक डबा जास्तीचा त्यात बसायचा नाही.

धम्मरत्न यांनी जाळी खाली ठेवली, हातावरचा भुसा झटकला आणि खुंटीवरची पिशवी घेतली. डेअरी बंद व्हायच्या आत दूध आणायचं होतं.